मांडी दुखते, पण बघायचं कमरेला

अगं, काल फोनवर आपलं बोलणं अर्धंच राहिलं. मागे कुकरच्या शिट्ट्या, मुलाचं पाढे म्हणणं, आणि तू मध्येच म्हणालीस, "जाऊ दे ताई, वयाचं असेल." चाळिशी ओलांडली नाही तोवर कसलं वय गं? म्हणून आज निवांत सांगते. चहा घेऊन बस. आणि उभी असशील तर आधी खुर्ची ओढ.

तू सांगितलेलं एकेक माझ्या लक्षात आहे. उजव्या मांडीची बाहेरची बाजू, हात सरळ खाली सोडला की तळवा जिथे टेकतो तेवढाच भाग. तिथे आग होते, मुंग्या येतात, ड्रेसचं कापड घासलं तरी नकोसं वाटतं, आणि गंमत म्हणजे चिमटा काढला तर तिथेच बधिर. डोंबिवलीहून उभ्याने निघालीस की ठाणं येईपर्यंत पेटते, ऑफिसात खुर्चीवर टेकलीस की जरा निवते. गुडघ्याखाली काही नाही, कंबर दुखत नाही, जिने चढताना पाय दगा देत नाही. हे सगळं मला पाठ आहे, कारण हे दुखणं मी स्वतः काढलंय. अजूनही गौरीच्या दिवसांत काठापदराची साडी सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर राहिली की ते डोकं वर काढतं.

शेजारच्या काकू "सायटिका आहे" म्हणाल्या ना? आपल्याकडे कमरेखाली काहीही दुखलं की ते सायटिका, नाहीतर "नस दबली". काकूंचं अर्धं बरोबर आहे. नस दबलीय, पण ती नाही, दुसरी. सायटिकाची नस कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने उतरते आणि तिची कळ बहुतेकदा गुडघ्याखाली, पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते. तुझं तसं नाहीच. तुझी ही नस पाठीच्या कण्यातून, कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी निघते, ओटीपोटाच्या आतल्या बाजूने पुढे येते, आणि कमरेला दोन्ही बाजूंनी पुढे हाताला लागणारं जे हाडाचं टोक आहे ना, त्याच्या अगदी जवळून, जांघेतल्या चिवट पट्ट्याखालून मांडीत उतरते. ती काम एकच करते, मांडीच्या बाहेरच्या कातडीचा स्पर्श मेंदूला कळवणं. स्नायू हलवायचं काम तिच्याकडे नाही, म्हणून पायातला जोर जात नाही. उंबऱ्यात केबल चेंगरली की हॉलमधल्या टीव्हीवर मुंग्या येतात, तसंच आहे बघ हे. टीव्ही कितीही पुसला तरी उपयोग नाही. तू गेले कित्येक महिने मांडीला बाम चोळतेयस, तो टीव्ही पुसणं झालं.

डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. नाव लक्षात ठेव, फाइलवर दिसलं तर दचकू नकोस. 1895 साली रोथ नावाच्या रशियन डॉक्टरांनी हे नाव दिलं. कमरेला पट्टा करकचून बांधणाऱ्या घोडेस्वारांत त्यांना हे दिसलं होतं. जर्मनीच्या बर्नहार्ट यांनीही त्याच सुमारास त्यावर लिहिलं. आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांनी स्वतःच्याच मांडीच्या या बधिरपणावर लेख लिहिला. ते डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड! तुला कुणी म्हणालं ना की "हे सगळं तुझ्या मनाचं आहे", तर सांग त्यांना, की मनाचा एवढा मोठा डॉक्टरसुद्धा आपल्या मांडीबद्दल तसं म्हणाला नाही.

तर आता कमरेला बघू. हे मी तुझ्याकडून आधी करून घेणार, गोळ्या नंतर.

रात्री कपडे बदलताना आरशासमोर उभी राहा आणि कमरेवर काय काय उमटलंय ते बघ. परकराच्या नाडीचा वळ उमटतो की नाही? आणि तो कुठे उमटतो, ते हाडाचं टोक बोटाने चाचपून बघ. आमच्या आया नाडी कमरेच्या वर, पोटाच्या घेरावर बांधायच्या. आता बेंबीखाली साडी नेसायची पद्धत आली, म्हणजे नाडी नेमकी त्या हाडावरून जाते. साडी सुटू नये म्हणून आपण ती आवळतो, वर निऱ्यांचा गठ्ठा खोचतो, आणि अशा अवस्थेत दिवसभर उभ्या राहतो. तू रोज साडी नेसत नाहीस, मान्य. पण मग ती लो-वेस्ट जीन्स? लेगिंगचं इलॅस्टिक? आणि ते साडीखाली घालायचं शेपर, जे तू मला फार कौतुकाने दाखवलं होतंस? पोट आत घेतं म्हणजे ते पोट कुठेतरी ढकलतंच की. 2003 साली कॅनडातल्या एका डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, घट्ट लो-वेस्ट पँट घालणाऱ्या तरुण मुलींच्या मांडीला मुंग्या यायला लागल्या, आणि तसल्या पँट सोडल्यावर काही आठवड्यांत त्या बऱ्या झाल्या. एवढंच औषध.

नाडीचं म्हणशील तर तिला हलक्यात घेऊ नकोस. नसेचा याच्याशी संबंध नाही, पण 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांची हकीकत छापली होती. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी आवळून बांधल्यामुळे कातडी काळवंडली, जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी तिथे कातडीचा कॅन्सर निघाला. असं क्वचितच होतं, घाबरू नकोस. पण कमरेवर काळा, खाजणारा पट्टा पडला असेल तर तो दाखवायचा.

मी काय केलं सांगू? सगळ्या परकरांच्या दोरीसारख्या नाड्या काढल्या आणि चार बोटं रुंदीचे कापडी पट्टे शिवून घेतले. टेलर हसला, पण दिले शिवून. पट्टा हाडाच्या टोकाच्या वर बांधायचा, आणि बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सण असेल त्या दिवशी साडी नेसायची, पण जेवणं झाली की बदलायची. आल्या-गेल्यांना काय वाटेल हा विचार पंक्ती उठल्यावर सोडून द्यायचा.

आणखी एक, हे मात्र कुणी तुला सांगणार नाही. तुला कमरेचा पट्टा दिलाय ना, सायटिका समजून? तो जांघेवर आणि त्या हाडावर दाबत असेल तर तोच दुखणं वाढवेल. बाळंतपणानंतरचा पोटपट्टा तसाच. तुझ्या जावेला सातव्या महिन्यात मांडीला आग व्हायची, आठवतं? वाढत्या पोटाचा ताण त्या नसेवर येतो. बाळंतपणानंतर हे बहुतेकींचं आपोआप निवतं, पण वरून लगेच पट्टा आवळला तर कसं निवणार?

वजनाचं बोलू का? बोलते, रागावू नकोस. पोट पुढे आलं की जांघेतल्या पट्ट्यावर भार येतो. तुझं वजन कोविडनंतर वाढलंय आणि माझंही वाढलेलं होतं. पण मी तुला भूक मारायला सांगणार नाही. रात्रीचं जेवण जरा लवकर आणि हलकं, आणि चालणं, पण दुखऱ्या दिवसांत ढांगा टाकत नाही. पाय मागे ताणला गेला की ही नस ओढली जाते, म्हणून छोटी पावलं. मी इथे ठाण्यात तलावपाळीला जाते, एक फेरी मारली की मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी बसते, मग दुसरी. तू भागशाळा मैदानात जा संध्याकाळी, तुला जवळच आहे. योगासनं करतेस तर कर, पण पालथं झोपून मागे वाकायची, भुजंगासनासारखी, सध्या राहू देत. गुरुजींना आधी सांग, नसेचं दुखणं आहे म्हणून.

घरात ओट्यापाशी उभी राहतेस तेव्हा एक पाय छोट्या पाटावर ठेव. मांडी जरा पुढे वाकली की नस सैल पडते. पोळ्या होईपर्यंत पाय बदलत राहा. रात्री उताणी झोपलीस तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलीस तर दोन गुडघ्यांच्या मध्ये. शेक घ्यायचा तर बेताने घे गं. जिथे बधिर आहे तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपलीस तर भाजल्याचंही कळणार नाही. आणि त्या नस बसवणाऱ्याकडे जाऊ नकोस, कुणीही कितीही नावाजला तरी. दाबलेली नस आणखी दाबून कशी सुटेल, तूच सांग.

आता लोकल. तुला बदलता येईल असं खूप आहे तिथे. फास्ट पकडायच्या हट्टापायी तू दारातून आत रेटून घेतेस, बॅग पोटाशी कवटाळतेस आणि तिचा पट्टा कमरेवर येतो. बॅग वरच्या रॅकवर दे. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धर, जागा मिळते. वेळ जास्त लागेल, लागू दे. नाहीतर कल्याणपर्यंत उलटी जाऊन बसून ये, अर्ध्या डोंबिवलीच्या बायका तेच करतात. आणि तोंड उघड! चढल्याचढल्या "कुठे उतरणार?" विचारायची लाज काय? सरळ सांग, पायाची नस दबलीय, उभं राहवत नाही. लेडीज डब्यात भांडणं होतात हे खरं, पण दुखणं सांगितलं की जागा देणारीही तिथेच भेटते. चौथ्या सीटवर अर्धी टेकलीस तरी उभं राहण्यापेक्षा बरं.

डॉक्टरकडे जायचंच आहे. मी बोलते म्हणून ते टाळू नकोस. हे माझं सांगणं आहे, निदान नाही. आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखव. त्यांनी सांगितलं तर न्यूरोलॉजिस्टला. खाजगी परवडत नसेल तर डोंबिवलीत महापालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई, इकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नसांच्या मोठ्या डॉक्टरांसाठी सायन किंवा परळचं केईएम, दोन्ही आपल्याच लाइनवर. ओपीडीत तुझ्या वाट्याला थोडीच मिनिटं येणार, म्हणून तयारीने जा. आदल्या रात्री बॉलपेन घे आणि जिथून स्पर्श वेगळा लागायला लागतो तिथून मांडीवर रेघ ओढत जा, पूर्ण बेट काढ आणि फोनमध्ये फोटो घे. कापूस फिरवून बघितलंस की कडा बरोबर सापडते. ते बेट बाहेरच्या बाजूला आणि गुडघ्याच्या वर राहिलं, तर डॉक्टरांचं निम्मं काम तू केलंस. आतल्या बाजूला गेलं किंवा गुडघा ओलांडून खाली गेलं तर वेगळा विचार करावा लागतो.

ते तुला कुशीवर झोपवतील, दुखरी बाजू वर, आणि कमरेच्या हाडावर पाऊण मिनिटभर दाबून धरतील. दाबल्यावर आग कमी झाली तर दुखणं हेच, असं समजायला मोठा आधार मिळतो. गुडघ्यावर हातोडी मारून बघतील, पायाचा जोर बघतील. एवढं नीट केलं तर बऱ्याचदा मोठ्या तपासण्या लागतही नाहीत. नसांची विजेची तपासणी करतात, पण ही नस बारीक आणि चरबीखाली असते, त्यामुळे ती नॉर्मल आली तरी दुखणं खोटं ठरत नाही. कमरेच्या एमआरआयचं तर विचारूच नकोस. चाळिशीनंतर एमआरआय काढला की बऱ्याच जणांत एखादी गादी सरकलेली दिसते, काही दुखत नसलं तरी. मग मांडी बाजूला राहते आणि त्या गादीवर उपचार सुरू होतात. मला एकदा तो रिपोर्ट हातात देऊन ऑपरेशनचं सुचवलं गेलं होतं. कुठे ते जाऊ दे. मी दुसरं मत घेतलं, तूही घे.

पण एमआरआय लागतोच अशाही वेळा असतात, त्या नीट ऐक. पायातला जोर कमी झाला, जिना चढताना गुडघा एकदम लचकला, मांडी बारीक होत चालली, लघवी-शौचाचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेत बधिरपणा आला, ताप आहे, वजन आपोआप घटतंय, पूर्वी कधी कॅन्सर झालाय, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. लघवीचा ताबा गेला तर त्याच रात्री हॉस्पिटल. मधुमेह असलेल्यांना एक वेगळं दुखणं होतं, मांडीत प्रचंड वेदना आणि मग पाय लुळा पडत जातो, तेही वेगळं. आणि बधिर जागेवरची कातडी फिकट किंवा लालसर चट्ट्यासारखी दिसत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायची, लाजायचं नाही. आपल्याकडे तो अजून आहे, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. नागीण होऊन गेली असेल, मांडीच्या त्याच भागात फोड आले असतील, तर तेही आठवणीने सांग. नागिणीनंतरची आग अशीच असते.

रक्तातली साखर तपास, उपाशीपोटीची आणि एचबीए1सीसुद्धा. साखर वाढलेली असली की नसा दाब सहन करत नाहीत. थायरॉइड आणि बी12 पण बघून घे. बी12 आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बऱ्याचदा कमी निघतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. पण ते कमी असल्याने मुंग्या येतात त्या बहुधा दोन्ही पायांच्या तळव्यांत, एका मांडीच्या एका बेटात नाही. कमी निघालं तर भरून काढ, पण ती लाल इंजेक्शनं म्हणजे या दुखण्यावरचा उतारा नव्हे. आणि केमिस्टकडून "नसांची गोळी" म्हणून आणून मनाने महिनोन्‌महिने घेऊ नकोस. त्यात बी6 फार झालं तर तेच नसांना इजा करतं.

दुखण्याच्या गोळ्यांचं असं. कॉम्बिफ्लामसारख्या नेहमीच्या गोळ्यांनी नसेच्या आगीला फारसा फरक पडत नाही, उगाच पित्त होतं. नसेसाठी वेगळ्या देतात, रात्री अमिट्रिप्टिलिन थोड्या मात्रेत, किंवा गॅबापेन्टिन, प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन. बाजारात प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेल्या गोळ्या फार खपतात. तुझ्या चिठ्ठीवर तीच असेल बघ. हिने झोप येते, चक्कर येते. पहिले काही दिवस ती रात्रीच घे आणि सकाळी पुलाचे जिने उतरताना कठडा धर. आणि हिने काहींचं वजन वाढतं! म्हणजे ज्या भाराने नस दबली तोच भार वाढवायचा. डॉक्टरांना हे विचार, दुसरी चालेल का म्हणून. पण बरं वाटलं की एकदम बंद करू नकोस, या गोळ्या हळूहळू उतरवायच्या असतात. किडनीचा त्रास असेल तर तेही सांग, मात्रा बदलते. कातडीवर लावायच्या लिडोकेनच्या पट्ट्याही मिळतात, महाग असतात, पण कापड लागलं तरी आग होणाऱ्यांना त्यांनी बरं वाटतं.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर इंजेक्शन. सोनोग्राफीत बघून त्या हाडाच्या टोकापाशी भुलीचं औषध आणि जोडीला स्टिरॉइड देतात. मला दिलं होतं. टोचताना मांडीत झटका बसतो, मग सगळं बेट शांत. काहींना महिनोन्‌महिने बरं वाटतं, काहींना थोडे दिवस. भुलीच्या औषधाने लगेच आराम पडला तर नस तीच, हेही पक्कं होतं. साखर असेल तर स्टिरॉइडनंतर ती काही दिवस चढते, तपासत राहायची. ऑपरेशन अगदी शेवटी. एक तर नसेवरचा तो जांघेतला पट्टा सोडवतात, नाहीतर नसच कापून टाकतात. कापली की आग जाते आणि बधिरपणा कायमचा राहतो. फार थोड्यांवर ही वेळ येते. बहुतेकांचं दाब काढल्यावर आणि धीर धरल्यावर बरं होतं. मात्र नस सावरायला वेळ घेते. आज सैल कपडे घातलेस आणि परवा आग गेली असं होत नाही. आधी रात्रीची झोप सुधारेल, मग ट्रेनमधलं सुसह्य होईल, बधिरपणा सगळ्यात शेवटी जाईल, कदाचित थोडा राहीलही. माझ्या मांडीवर रुपयाएवढी जागा अजून तशीच आहे आणि मी ती विसरूनही जाते.

घरच्यांचं काय, विचारशील. त्यांना दिसत काहीच नाही. सूज नाही, प्लास्टर नाही, लंगडत नाहीस. त्यात तू सगळं हसत करतेस, मग कुणाला कळणार? सासूबाईंना दुखणं सांगू नकोस, काम सांग. "आई, पोळ्या मी बसून लाटते, भाजायला कुणीतरी या." दुखण्यावर वाद होतो, कामावर होत नाही. नवऱ्याला मांडीवरचा तो पेनाचा नकाशा दाखव. माझ्या नवऱ्याने तो बघितल्यावर पहिल्यांदा विचारलं, "एवढा भाग?" आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या पिशव्या त्याच्या हातात गेल्या.

बरं, शनिवारी ये माझ्याकडे. रविवारी नको, मेगाब्लॉक असतो आणि तू मग उभ्याने येशील. येताना सगळी फाइल आण, जुन्या गोळ्यांची पाकिटं आण, आणि ते शेपरही आण. त्याचं इलॅस्टिक मी कापणार आहे, आधीच सांगून ठेवते. आणि परकर किती आहेत तेवढे मोजून कळव, टेलरला पट्ट्यांचं सांगून ठेवायचंय.